नेटची गाठ

व्हॉलीबॉलच्या पोरांवर विश्वास ठेवायचा नाही, हे ड्रायव्हरमामांचं वीस वर्षांत पक्कं झालेलं मत. कॉलेजची बस चालवायची आणि घरच्या मैदानावर सामना असला की नेट बांधणं-सोडणंही त्यांनीच करायचं, अशी दुहेरी नोकरी. बाहेरगावी निघालं की पोरांच्या अंगात यायचं. खिडकीतून लोंबकळणं, सीटच्या पाठी बडवणं, समोरच्या संघाच्या नावाने बोंबा. एवढ्यावर भागलं असतं तर मामांनी कानांत बोळे घातले असते. पण एकदा पोरांनी यजमानांच्या कँटीनचं स्टूल उचलून आणलं, आणि गेल्या खेपेला तर थेट प्राचार्यांच्या दारावरची पाटी. माल बसमध्ये सापडला म्हणून ऑफिसने ताकीद दिली ती मामांनाच. आणखी एक तक्रार आली की घरी बसायचं. धाकटीचं नर्सिंगचं अजून वर्ष बाकी होतं.

म्हणून आज सामना संपल्यावर मामांनी कुणाला कशाला हात लावू दिला नाही. हरलेली पोरं कोपऱ्यात कुजबुजत होती, ते लक्षण त्यांना काही बरं दिसेना. एक डोळा पोरांवर ठेवून त्यांनी सगळं सामान भराभरा आवरलं, डिकीत टाकलं आणि कुलूप घातलं.

तासभर बसमध्ये नुसता दंगा होता. मग मागे कॅप्टनचा फोन वाजला आणि सगळी चिडीचूप झाली.

आरशातून पाहिलं तर सगळ्यांच्या माना खाली. कॅप्टन हळूच बोलत होता, "हो सर, आम्हीच घेतलं. मस्करी केली. मामांना काही माहीत नाही."

मामांनी करकचून ब्रेक दाबत गाडी बाजूला घेतली. "काय चोरलंत रे? उघडा बॅगा!"

निमूटपणे बॅगा उघडल्या गेल्या. घामट मोजे, टॉवेल, बिस्किटाचा चुरा. एरवी शब्दाला शब्द लावणारी ही जमात आज ब्र काढत नव्हती, याचाच मामांना जास्त संशय आला. तरातरा जाऊन त्यांनी डिकी उघडली.

बॉलच्या पिशवीखाली नेट होतं, यजमानांचं. नीट घडी घातलेलं आणि वर मामांची नेहमीची दुहेरी गाठ. घरच्या मैदानावर वीस वर्षं सोडत आलेल्या हातांनी सवयीने तिथलंही सोडून आणलं होतं.

"तुम्ही काढताना आम्ही बघितलं होतं," कॅप्टन म्हणाला. "वाटलं, तिथल्या लोकांनीच तुम्हाला काढायला सांगितलं असेल."

"आणि आता तुला खेळू देतील पुढे?"

"दोन सामने बाहेर बसवतील. तुमची तर नोकरी जाईल, मामा."

मामांना पोरांकडे बघवेना. त्यांनी कॅप्टनकडे फोन मागितला, यजमानांच्या त्याच सरांना लावायला सांगितला. "सर, नेट मी काढलं. पोरांचा काही दोष नाही."

पलीकडचे सर हसले. "पोरांना पाठीशी घालू नका हो. यांचे प्रताप काय आम्हाला माहीत नाहीत?"

फोन बंद झाला. वीस वर्षं हेच वाक्य मामा स्वतः बोलत आले होते.

ते सीटवर बसले आणि त्यांनी बस परत वळवली.

"मामा, कुठे?"

"त्या सरांसमोर नेट सोडतो आणि बांधून दाखवतो," मामा म्हणाले. "ही गाठ तुमच्यापैकी एकाला तरी येते का?"