महिपती चवळी

माझ्या भावाला, महिपतरावाला, हिंदी येत नव्हतं असं कोणी म्हटलं तर मी आजही त्याला दारातून परत पाठवीन. चार पिढ्या आम्ही ग्वाल्हेरात. आजोबा रिसाल्यात होते, घोड्यांशीसुद्धा हिंदीतच बोलायचे. दादा टांगेवाल्याशी हिंदीत हुज्जत घालायचा आणि दाना ओली नावाच्या आमच्या आळीतल्या घरात पाऊल टाकलं की मराठी सुरू करायचा. पण बाजाराची हिंदी वेगळी आणि कचेरीची वेगळी, हे त्याला सांगणार कोण? मी मुलींच्या शाळेत हिंदी शिकवत होते. पण धाकट्या बहिणीला विचारायचं म्हणजे दादाच्या मिशीला कमीपणा.

पुण्याहून शेतकीची पदवी घेऊन तो आला तेव्हा इथं संस्थान होतं. मुरारच्या पलीकडे बियाण्याचा सरकारी फार्म होता, तिथं तो लागला. मग संस्थान गेलं, मध्य भारत नावाचं राज्य झालं, पाट्या बदलल्या, शिक्के बदलले. दादाची चवळी तेवढी तीच राहिली. वर्षानुवर्षं निवडून निवडून त्यानं एक वाण तयार केला होता. हिरवंगार पान, हातभर लांब शेंग, रोग म्हणून कधी दिसायचा नाही. खात्यानं तिला नंबर दिला होता, पण फार्मवरचे लोक तिला 'महिपती' म्हणायचे. दादा वरवर रागवायचा. आतून किती फुलायचा ते मला दिसत होतं. त्याला मूलबाळ नव्हतं, वहिनी लवकर गेली. जे काय होतं ते हे बी.

आणि त्यालाच त्यातली खोट सापडली. महिपतीच्या शेजारी गावठी चवळी लावली की ती दर वर्षी आकसायची, पानं सुरकुतायची, पिवळे डाग पडायचे. महिपती मात्र ठणठणीत. आधी त्यानं पाण्याला दोष दिला, मग मातीला. शेवटी महिपतीची निरोगी पानं वाटून तो रस गावठी चवळीच्या पानांवर चोळला. थोड्या दिवसांत ती पानं सुरकुतली.

त्या दिवशी तो जेवला नाही. मला म्हणाला, "सुधे, रोग माझ्याच बियाण्यात आहे. व्हायरस. बियातून रोपात येतो, रोपातून पुन्हा बियात. तिला काही होत नाही, पण तिच्यावर बसलेला मावा शेजारी गेला की शेजारी मेलाच."

मला नीट कळेना. तेव्हा म्हणाला, "आपल्या समोरच्या शांताताई नाहीत का? स्वतः कधी कोणाशी भांडत नाहीत. पण ज्यांच्या घरी बसून येतात त्यांच्याकडे संध्याकाळी भांडी आपटतात." मी हसले. तो हसला नाही. दिसतं तसं नसतं म्हणून जग फसतं, हे आपण सहज बोलून जातो. त्याला ते स्वतःच्या हातच्या बियाण्याबद्दल बोलावं लागलं.

नेमकं त्याच सुमाराला मध्य भारतही मोडला. नवा मध्य प्रदेश आला, मोठी कचेरी भोपाळला गेली आणि फार्मवर जबलपूरकडचे नवे साहेब आले. त्यांना पहिल्याच पावसाळ्यात काहीतरी करून दाखवायचं होतं. त्यांनी ठरवलं, महिपतीचं बी डबरा-भितरवारच्या गावागावांत वाटायचं. दादानं हे थांबवायचं ठरवलं. स्वतःचीच चवळी अडवायला निघालेला माणूस मी तेवढा एकच पाहिला.

बैठकीत तो सवयीनं इंग्रजीत बोलायला लागला. साहेब म्हणाले, "महिपतराव जी, अब राजभाषा में।" दादानं हिंदीत सांगितलं. लोकांनी खिडकीतून बाहेरचं हिरवं शेत पाहिलं आणि हसले. साहेबांनी विचारलं, "पत्ता तो साफ़ है। आप चाहते क्या हैं?"

दादा उभा राहिला आणि ठासून म्हणाला, "इस बीज का पूरा संशोधन हुए बिना एक दाना भी बाहर न जाए।"

"बिल्कुल," साहेब म्हणाले. "संशोधन कराएँगे।"

दादा घरी आला तो पेढे घेऊन. साहेब सज्जन आहे म्हणाला. मग त्याला नोकरीच्या ज्येष्ठतेच्या भांडणासाठी भोपाळला बोलावलं. चार ठिकाणचे नोकर एकत्र आले होते, कोण वर नि कोण खाली ते ठरत होतं. पाऊस सुरू झाल्यावर तो परतला, तर फार्मचं गोदाम रिकामं. साहेबांनी त्याचा हात हातात घेऊन सांगितलं, "आपके कहे मुताबिक़ पूरा संशोधन कराके भेजा है।" एकेका दाण्याला औषधाची पूड चोळली होती. पुडीनं बुरशी मरते. दाण्याच्या पोटात बसलेल्या व्हायरसला तिचं काय?

दादाला वाटलं, माणूस चेष्टा करतोय. घरी येऊन खुर्चीत बसला आणि आयुष्यात पहिल्यांदा मला विचारलं, "सुधे, हिंदीत संशोधन म्हणजे काय गं?"

मी म्हटलं, "दुरुस्ती. सुधारणा."

"आणि आपलं संशोधन?"

"अनुसंधान. तू बियाण्याचं संशोधन म्हणालास का? अरे, औषध चोळण्याला ते बीज-शोधन म्हणतात."

मला साहेबाचा राग आला, दादाचाही आला, आणि मी शिकवत होते त्या भाषेचासुद्धा आला. कुणाला धरून बडवावं तेच कळेना.

पुढं व्हायचं ते झालं. दोन हंगामांत त्या गावांतली गावठी चवळी आकसून गेली. दादानं गावोगाव जाऊन सांगितलं, पण हिरवीगार महिपती उपटायला कोण तयार होणार? गावकरी मेलेली गावठी उपटायचे आणि महिपतीचं बी पुढच्या वर्षाला ठेवायचे. चौकशीत साहेब खरं तेच बोलले, की महिपतरावांनी सांगितलं ते आम्ही केलं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार. निवृत्तीच्या दिवशी हार घालून कोणीतरी म्हणालं, बीज-संशोधन में आपका योगदान अमर रहेगा. दादानं हात जोडले.

त्यानंतर बऱ्याच वर्षांनी आम्ही पाटणकर बाजारात भाजी घ्यायला गेलो होतो. भितरवारकडचा एक माणूस चवळीच्या शेंगा घेऊन बसला होता. शेंगा बारीक, वाकड्या. मी म्हटलं, ये क्या लाए हो भैया.

"क्या करें बाई, महिपती लग गई।"

मी दादाकडे पाहिलं नाही. दादानंच विचारलं, "वो क्या होती है?"

"बीमारी है बाबूजी। पत्ता सिकुड़ जाता है। बड़े-बूढ़े यही नाम लेते हैं, किसी रानी का होगा।"

दादा वाकला, एक शेंग उचलून बोटांनी चाचपली आणि परत ठेवली. "जो पौधा सबसे अच्छा दिखे," तो म्हणाला, "उसका बीज मत रखना।"

माणूस माझ्याकडे पाहून हसला. म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय असं त्याला वाटलं असणार. मी शेंगा घेतल्या, आणि घरी आल्यावर दादानं त्या निवडल्या.