बिब्बा उठला नाही

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे तुरीच्या शेंगा सोलणं. दुपारी ओट्यावर बसलो होतो. घरात लेक बाळंतीण, तिचा महिन्याचा मुलगा झोळीत. नर्सबाई दुसऱ्या दिवशी त्याला क्षयाची लस टोचायला येणार होती. बायको चांगल्या शेंगा स्वतःकडे ओढत होती, किडक्या माझ्याकडे सारत होती.

"आधी त्यानं रगत तपासा, मंग सुई," ती म्हणाली. "तवलोंग कोणले हात लावू देऊ नका."

"तू शे ना. तूच सांग."

"मी तं सांगसूच. तुम्हले बी आठवण ऱ्हाऊ द्या. त्या दिन तुम्हनं तोंड कसं भोपळासारखं व्हयेल व्हतं!" असं म्हणून हसली, आणि हसता हसताच तिने छाती धरली. दिवस मावळायच्या आत तिला तापीवर नेऊन जाळलं.

आता तोंडाचं सांगतो. नंदुरबार तेव्हा धुळे जिल्ह्यात होतं, साठनंतरची सालं. आमचा पहिला मुलगा आधीच गेला होता. तोंडात पांढरा थर, हगवण, आणि देवीची लस टोचली तर ती जखम भरलीच नाही, दंडावरून पसरत गेली. मग लेक झाली, ठणठणीत. मग दुसरा मुलगा, आणि त्याच्या तोंडात परत पांढरं. माझी माय म्हणे, सुनेचं दूधच वाईट. त्याच दुधावर लेक वासरासारखी उड्या मारत होती, ते तिला दिसत नव्हतं.

नंदुरबारच्या डॉक्टरने पोराच्या हाताला कातडीखाली थेंबभर औषध सोडलं. म्हणाला, "तोंडात अशी बुरशी असली की इथे गाठ उठायला पाहिजे. परवा आणून दाखवा."

दुसऱ्या दिवशी हात सपाट. आमच्याकडे देवी टोचून फोड आला नाही तर लोक म्हणायचे, देवी घरावर रुसली. मायला लाज वाटली. नातू डॉक्टरपुढे नापास होणार म्हणून तिने आम्हाला न विचारता बिब्बा दिव्यावर धरला आणि सुटलेलं काळं तेल पोराच्या हातावर लावलं. बिब्ब्याने अंग उततंच. सकाळपर्यंत मायची बोटं केळ्यांएवढी झाली. बायको पोराला खांद्यावर घेऊन निजली होती, तिची मान सुजली. मी पोराला कुरवाळून त्याच हाताने तोंड पुसलं, तर तोंड भोपळ्यासारखं सुजून माझे डोळेच उघडेनात. बायकोने मला हाताला धरून डॉक्टरकडे नेलं. पोराचा हात तसाच, सपाट.

"पेशंट कोण आहे?" डॉक्टरने विचारलं.

"नातू," माय म्हणाली.

"मग तुम्ही?"

"आम्ही सोबत उनूत."

बिब्ब्याचं कळल्यावर डॉक्टर ओरडायला लागला. बायको मध्येच म्हणाली, "पण साहेब, याला का नाही उठलं?" तो ओरडता ओरडता थांबला. आधी कधी लावला होता का, विचारलं.

"पाचवीले लावाच लागस," माय म्हणाली.

"म्हणजे आता दुसऱ्यांदा तर उठायलाच हवं होतं," तो म्हणाला.

मग त्याने आम्हा सगळ्यांना खिडकीशी उभं केलं आणि कापसाची प्रत बघावी तसं एकेकाला बघितलं. पोराच्या टाचेतून रक्त काढलं, काचेवर पसरून रंगवलं आणि बराच वेळ यंत्रात डोळा घालून बसला.

"तुमच्या अंगाला बाहेरच्या वस्तूचा राग येतो," तो म्हणाला. "याच्या अंगाला येत नाही. तो राग आणणाऱ्या पेशी याच्या रक्तात नावालाच आहेत."

"मन्हा राग दी टाका त्याले," माय म्हणाली. "मन्हाकडे भलता शे."

"देता येत नाही, आजी. दुसऱ्याचं रक्तसुद्धा याला देऊ नका. देवी तर टोचूच नका. औषध माझ्याकडे नाही, काय करायचं नाही तेवढं सांगतो. तुमचा पहिला मुलगाही यानेच गेला असेल. हे आईकडून येतं आणि मुलग्यांना मारतं. मुलींना होत नाही, पण त्यांच्या मुलांना होऊ शकतं."

मायने बायकोकडे मान वळवली. डॉक्टर घाईने म्हणाला, "तिला तिच्या आईकडून आलं असेल, तिला तिच्या आईकडून. किती जणींना शिव्या द्याल?"

"शिव्या दिसू ना सगळीस्ले. मन्हाकडे येळ शे."

देवी टोचणारे गावात आले तेव्हा बायको पोराला घेऊन दिवसभर कपाशीत बसली. गावभर हाका मारल्या, तिने ओ दिली नाही. पोराला दोन दात आले, मग न्युमोनियाने गेला. पण पहिल्यासारखा सडला नाही.

म्हणून लेकीला मुलगा झाला तेव्हा लोक पेढे खात होते आणि बायको टॉर्च घेऊन नातवाच्या तोंडात बघत होती. तोंड स्वच्छ होतं. तरी हिचा विश्वास नव्हता.

जाळल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊबंद राख सावडायला जमले. मी लेकीला म्हटलं, पोराला गुंडाळ.

"आरे, सुतक शे! कोठे चालना?" भाऊ ओरडला. "राख सावडानी शे ना!"

"राख कोठे पळी ऱ्हायनी?" मी म्हणालो.

नर्सबाई यायच्या आत पहिली एसटी धरली. नंदुरबारला रक्त तपासणाऱ्याने सुई काढली, तशी लेकीने मान फिरवली. मी नातवाची टाच धरली.