शेठ जेवतायत

आमच्या शेठइतका दुष्ट, गडगंज आणि तरीही वेळेचा पक्का माणूस मी उभ्या जन्मात पाहिला नाही. आणि शेठ मी काही थोडेथोडके पाहिलेले नाहीत. हिंदमाताला साड्यांच्या दुकानात चौतीस वर्षं मी घड्या मोडल्या आणि घातल्या. गादीवरचा शेठ नुसता खाकरला तरी त्याला चहा हवाय की कुणाची नोकरी, हे मला पाठमोरं कळायचं. पण हे शेठ त्या सगळ्यांच्या वरचे. ते राहतात चिंचपोकळीला, आमच्याच दोन खोल्यांत, मुलाने कॅनडाला जाताना मागे ठेवलेल्या कॉम्प्युटरमध्ये. तो एक गेम आहे. त्यात आपण चोर. पाय न वाजवता अंधाराअंधारातून शेठच्या हवेलीत शिरायचं, एकेक दालन पार करायचं आणि शेवटच्या फेरीत खुद्द शेठचा काटा काढायचा, की गेम संपला. मी रिटायर झालो तेव्हा "बाबा, मेंदूला चालना राहील," म्हणून मुलाने फोनवरून मला तो शिकवला. मेंदूचं मला ठाऊक नाही, पण गेली दोन वर्षं मी रोज दुपारी, लोक वामकुक्षी घेतात तेव्हा, शेठकडे चोरी करायला जातो.

शेठच्या दुष्टपणाला तोड नाही. त्या नगरीतल्या समस्त सावल्या त्यांच्या मालकीच्या आहेत. न विचारता कुणी भिंतीच्या सावलीला टेकला, की शेठ त्याचा दगड करून बागेत उभा करतात. बागेत असे साठ-सत्तर जण तरी असतील. पण गंमत अशी, की त्या पुतळ्यांवरची धूळ शेठ रोज स्वतः रेशमी रुमालाने झटकतात. एका म्हाताऱ्याचं तर नाक पुसून "कसं काय, बरं आहे ना?" असंही विचारतात. बोलतात इंग्रजीत, पण शेठ लोकांचं बोलणं कुठल्याही भाषेत असलं तरी मला समजतं. आमच्या चाळीत इतकी विचारपूस जिवंत माणसाची होत नाही. मग बरोबर चार मिनिटांनी ते गॅलरीत येतात, दोन्ही हात कठड्यावर टेकतात आणि गर्जतात, "या नगरीत माझ्या परवानगीशिवाय मांजरसुद्धा शिंकत नाही!" खाली ऐकायला कोणी नसतं. एक मी असतो, पिंपामागे. ऐकून ऐकून आमच्या हिलाही ते पाठ झालंय. एकदा कांदा चिरताना तिला सटकन शिंक आली, तर स्वयंपाकघरातून म्हणते, "शेठाक इचारूक इसारलंय!"

शेठकडे पहारेकरी बावीस, आणि बाविसांत मिळून अक्कल शून्य. शेजारी झुंबर कोसळलं तरी "उंदीर असेल" म्हणून पुढे जातात. त्यांच्या हातून मी एकदाच मेलो, आणि तेही माझ्याच गुणाने. शेठच्या शयनगृहात मखमली पडद्यामागे लपलो होतो. पडद्याला वीतभर जरीचा काठ. आता काठ दिसला की पदर उलटा करून विणकाम पाहायचं, हे हाताला लागलेलं वळण. मी उलटायला गेलो. गेममध्ये पडदा उलटत नाही, नुसता हलतो. पहारेकऱ्याने जागच्या जागी माझं मुंडकं उडवलं. रविवारी मुलाला सांगितलं तर तो तिकडे हसून लोळला. "बाबा, तुम्ही चोर आहात, गिऱ्हाईक नाही!"

हा रविवार समजावून सांगायला हवा. तो गेला तेव्हा पहिलं वर्षभर आमचं फोनवरचं बोलणं म्हणजे "तब्येत?" "बरी." "थंडी?" "आहे." "आईला देतो." एवढंच. प्रेम नव्हतं असं नाही, विषय नव्हता. शेठ आले आणि पाऊण पाऊण तास पुरेनासा झाला. कुठल्या खिडकीतून शिरलात, किल्ली कुठे सापडली, म्हाताऱ्याचं नाक आज पुसलं का. आणि शेवटी त्याचा ठरलेला प्रश्न, "मग, उडवलात का शेठला? मी चार दिवसांत उडवला होता."

गेल्या महिन्यात मी त्या शेवटच्या दालनात पोचलो. चोवीस खुर्च्यांचं टेबल, आणि टोकाला शेठ एकटेच जेवत बसलेले. पहारा नाही. आपण मागच्या पडद्याआड, हातात सुरा. मी बटण दाबणार तेवढ्यात ही चहा घेऊन आली.

"अवो, तो जेवताहा मा?"

"मग?"

"मगे काय? जेवूंदे त्याका. हात धुवूंदे. मगे काय ता करा."

आमच्याकडे हा नियम आहे. माणूस कितीही वाईट असो, त्याला भरल्या ताटावरून उठवायचं नाही. माझ्या वडिलांशी भांडायला आलेला माणूसही त्यांचं जेवण होईपर्यंत दारात चपलांपाशी बसून राहिलेला मी पाहिलाय. तेव्हा मी थांबलो. चहा झाला. ही निवडायला मेथी घेऊन शेजारी बसली. मेथी निवडून झाली. शेठ चमचा तोंडाला लावत होते आणि वाटी संपत नव्हती. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी माझ्या ध्यानात आलं, की गेम करणाऱ्याने शेठला पानावरून उठायची सोयच ठेवलेली नाही. "किती खाता मेलो!" ही म्हणाली, पण आवाजात काळजी होती. चोवीस खुर्च्यांत एकट्याने जेवणारा माणूस तिला बघवत नव्हता. आणि खरं सांगतो, मलाही ती वाटी संपायला नको होती. शेठ गेले असते तर रविवारी मी मुलाशी बोललो काय असतो?

परवा कंटाळून गेम बंद करायला गेलो आणि बोट भलतीकडे पडलं. मुलाचा जुना डाव उघडला, त्याच्या नावाने जपून ठेवलेला. तारीख तो कॅनडाला गेला त्याच्या आदल्या दिवसाची. बघतो तर तेच दालन. तोच पडदा. हातात सुरा. समोर शेठ, जिवंत, जेवतायत.

रविवारी सकाळी फोन आला. "बाबा, उडवलात?"

"नाही," मी म्हटलं. "आणि तूही नाही उडवलास."

 तो हळूच म्हणाला, "जेवत होता ना हो तो."

 आमची रविवारची सकाळ म्हणजे तिकडे त्याची शनिवारची जेवायची वेळ. हे मला तीन वर्षं ठाऊक होतं, पण कधी विचारायचं सुचलं नव्हतं. "तुझं जेवण झालं का रे?"

"नाही अजून. तुमचा फोन झाला की गरम करून घेतो. रोजचंच आहे."

"कोण आहे सोबत?"

"कोण असणार, बाबा?"

हिने माझ्या हातातून फोन घेतला, व्हिडिओ चालू करून डब्याला टेकवून उभा केला आणि त्याला म्हणाली, "आधी गरम कर. ताट घेऊन हय समोर बस." तो बसला. आम्ही दोघंही स्वयंपाकघरात पाट ओढून फोनसमोर बसलो. शेठचा विषय कुणी काढला नाही. तो सावकाश जेवला, आणि हात धुऊन परत येईपर्यंत आम्ही जागचे हललो नाही.