तळाचे डाग

माझे दाजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान, मेकॅनिक होते आणि मी त्याच गॅरेजात गाड्यांना रंग मारायचो. त्यामुळे भांडायला आम्हाला दोन जागा होत्या. घरी मेव्हणा म्हणून मी त्यांची खोडी काढायचो, गॅरेजात पेंटर म्हणून ते माझी. "तुमचं काय, वरून पावडर थापायची, आत काही का असेना," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मग तक्रार ताईकडे जायची आणि ती दोघांनाही झापायची.

दाजींच्या कामाची एक तऱ्हा होती. बॉनेटमध्ये डोकं घालून ते उभे राहिले की उजव्या हाताशी त्यांची लोखंडी ट्रॉली असायची, चार खणांची, चाकांवरची. पाना कुणाकडे मागायचा नाही आणि स्वतः बघायचंही नाही. हात मागे जायचा, खण ओढायचा, नेमका बारा-तेराचा उचलायचा आणि परत इंजिनात. काम झालं की पाना जिथून घेतला तिथेच, बोटभरही इकडेतिकडे नाही. एकदा गंमत म्हणून मी दोन पान्यांची अदलाबदल केली. दाजींनी न बघता उचलला, नटाला लावून जोर दिला, पाना सटकला आणि बोटांची सालं निघाली. आठवडाभर ते माझ्याशी बोलले नाहीत. आठव्या दिवशी म्हणाले, "बहिणीकडे बघून सोडतोय."

म्हणजे मला सगळं ठाऊक होतं. म्हणूनच पुढचं सांगताना स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

मालक गेले, गॅरेजला कुलूप लागलं. मी माझं रंगकामाचं शेड टाकलं, दाजी घरी बसले. सहा वर्षं गेली. मग ते विसरायला लागले. आधी किल्ल्या, चष्मा, आम्ही हसलो. मग एक दिवस साखर आणायला गेलेले दाजी परत येऊन शेजाऱ्यांच्या दाराची बेल वाजवत उभे, आणि दार उघडणाऱ्या बाईला विचारतात, "तुम्ही आमच्या घरात कशा?" त्या दिवशी कुणी हसलं नाही. डॉक्टरांनी कागदावरून मान वर न करता सांगितलं की हे वाढतच जाणार, जे येतंय ते करू द्या.

दाजींचं मागणं एकच होतं. "मला कामाला लाव रे. डोक्यातलं जातंय, पण हातांना अजून येतंय."

आमच्या जुन्या गॅरेजातला एक जण, लांब्या, आता स्वतःचं गॅरेज चालवतो. मी त्याच्याकडे गेलो. त्याने सरळ सांगितलं, "उस्तादांना नाही कसं म्हणू? पण लोकांच्या गाड्या आहेत. या महिन्याच्या शेवटच्या सोमवारी येऊ देत. एक जुना कार्बोरेटर उघडून, धुऊन, परत बसवून दाखवू देत. जमलं तर रोज सकाळी तीन तास यावं." बोलणं रास्त होतं. दाजींनी तो सोमवार कॅलेंडरवर लाल पेन्सिलीने असा गोल केला की कागद फाटला.

ट्रॉली बंद गॅरेजच्या मागे, फाटक्या ताडपत्रीखाली सापडली. हात लावला की गंजाचे पापुद्रे निघत होते. दोन चाकं जाम, तिसरा खण उघडतच नव्हता. हत्यारं मात्र दाजींनी गॅरेज सुटलं तेव्हाच पोत्यात घालून घरी आणली होती. ट्रॉली टेम्पोतून उतरवली तसे दाजी तिच्याभोवती एक फेरी मारून म्हणाले, "आपली आहे."

ताईच्या मागच्या अंगणात तीन आठवडे काम चाललं. चाकांत रॉकेल सोडून दोन दिवस ठेवलं. खणांच्या पट्ट्यांमधले छर्रे काढून दाजींनी ताईच्या कणीक मळायच्या परातीत धुतले, त्यावरून महाभारत झालं. तारेच्या ब्रशने गंज खरवडताना ते मला ओरडायचे, "अरे पावडरवाल्या, दाबून घास, गोंजारतोयस काय!" कित्येक महिन्यांनी त्यांनी मला त्या नावाने हाक मारली होती. ताई दारात उभी राहून हसली आणि मग आत जाऊन रडली. मलाही वाटलं, डॉक्टर गेला खड्ड्यात, हा माणूस परत येतोय.

खणांच्या तळाला काळे डाग होते. एकतीस वर्षं एकच पाना एकाच जागी पडून तेल मुरलेलं, आजूबाजूचा पत्रा गंजलेला. दाजी पोत्यातून एकेक हत्यार काढून खणात ठेवायचे, परत काढायचे, तळावरून तळहात फिरवायचे. मी समजलो, वेळ जात नाही म्हणून चाललंय. रंगाऱ्याच्या डोळ्याला डाग म्हणजे डाग.

शनिवारी दुपारी दाजी झोपले होते. बाहेरून ट्रॉली लाल रंगात तयार होती, खण तेवढे राहिले होते. म्हटलं, माणसाला चकित करू. चारही खण माझ्या शेडमध्ये नेले, तळ चकचकीत होईपर्यंत घासले, प्रायमर मारला, वर करड्या रंगाचे दोन हात. शीळ घालत काम केलं मी. इतकं सफाईदार काम तर गिऱ्हाइकाच्या नव्या गाडीवरही केलं नसेल.

रविवारी खण बसवले आणि दाजींना हाक मारली. त्यांनी पोत्यातून बारा-तेराचा पाना काढला, वरचा खण ओढला आणि थांबले. तळावरून तळहात फिरवला. पाना डावीकडे ठेवला, उचलला, मधे ठेवला, उचलला. दुसरा खण उघडला. मग पाना परत पोत्यात टाकून त्यांनी मला विचारलं, "ही कुणाची आहे?"

"दाजी, तुमचीच की!"

"नाही रे," ते नम्रपणे म्हणाले. परक्या माणसाशी बोलावं तसे.

मी काय पुसलं ते मला तेव्हा कळलं. ताईला म्हणालो, दमले असतील. खणांत हत्यारं मीच भरली, मला सुचली तशी.

सोमवारी ट्रॉली टेम्पोत घालून दाजींना लांब्याच्या गॅरेजात नेलं. त्याने टेबलावर कार्बोरेटर ठेवला. दाजींनी तो हातात घेतला, वजन केल्यासारखा तोलला आणि इंजिनात वाकायच्या सवयीने मान खाली घालून हात मागे नेला. हातात आली पक्कड. ठेवली. पुन्हा हात गेला, गोटीपाना आला. मग त्यांनी वळून पहिला खण उघडला, तो तसाच ठेवून दुसरा, तिसरा. भरलेले खण एकदम उघडले की ट्रॉली पुढे कलंडते. हे गॅरेजातल्या प्रत्येक माणसाला दाजींनीच ओरडून ओरडून शिकवलं होतं. मी धावलो, पण ट्रॉली कलंडलीच. सगळी हत्यारं फरशीवर पडली. लांब्या गुडघ्यांवर बसून ती गोळा करायला लागला आणि वर न बघता म्हणाला, "उस्ताद, चहा घेऊन जा."

दाजींनी चहा घेतला. कार्बोरेटरचं नावही काढलं नाही.

नंतर मी ब्रश आणि काळा रंग घेऊन गेलो. म्हटलं, दाजींनी हत्यारं जागेवर ठेवावीत, मी कडेने रेघा मारतो, डाग परत काढतो. त्यांनी शहाण्या मुलासारखं ऐकलं. पहिल्यांदा पाना डावीकडे ठेवला, दुसऱ्यांदा उजवीकडे, तिसऱ्यांदा माझ्या हातात दिला. ताई म्हणते, आजार होताच, तुझा काय दोष. डॉक्टरही तेच म्हणतील. पण अंगणातले ते तीन आठवडे मी डोळ्यांनी पाहिलेत, त्याचं काय करू?

आता ट्रॉली मागच्या दारात उभी असते, रिकामी. हत्यारं पोत्यातच आहेत. दुसऱ्याच्या खणात आपली हत्यारं ठेवायला दाजी तयार नाहीत. रोज सकाळी ते ती मऊ फडक्याने पुसतात. ओरखडा येऊ नये म्हणून ताईला तिच्यावर टॉवेलही वाळत घालू देत नाहीत. मी गेलो की मला बाजूला घेऊन विचारतात, "गिऱ्हाईक आलं नाही रे अजून. काम तर कधीच झालंय. रंग कुणी मारलाय, फार झकास मारलाय."

मी म्हणतो, "येईल उद्या."