बॅगखालच्या विटा

माहा पोरगा अमेरिकेतून आला तवापासून त्याची मोठी बॅग आतल्या खोलीत उभी हाये. कपडे धुतले, वायले, का पुन्हा तिच्यातच घालते अन् कुलूप लावते. कपाटात ठेव म्हनलं तं म्हने, "राहू दे माय, कवाही निंघा लागीन."

तिकडं कामाले गेल्ता. व्हिसाची मुदत सरली तरी राह्यला. तिकडंच जलमलेली, पन हिंदी बोलनारी पोरगी केली. एक नात झाली. मंग वकील म्हनला, एकडाव घरी जा, रीतसर कागद करून ये. हा आला अन् अडकला. मुदतीपेक्षा जास्त राह्यला म्हनून आता दहा वर्सं बंदी. त्याच्यातून माफी भेटावी असा अर्ज केला हाये. भेटली तं बायको-पोरीपाशी जाईन, नाई तं नाई.

रोज सकायी चाय घेऊन ओट्यावर बसते अन् मोबाईलात पाह्यते. माहं आंगन झाडनं चालू असते.

"काय म्हनते?"

"पेंडिंग."

"म्हंजे?"

"अजून पाहून राह्यले."

"केवढं पाह्यतेत बापा. लगनाची पोरगी बी इतकी पाह्यत नाई कोनी."

हा नसल्यानं सुनेले किती तरास होते, ते लिहून द्या लागते म्हने. फोनवर मले ती हासत म्हने, "माँजी, मैं ठीक हूँ." पोरगा तापला. "कागज पे रोती है और यहाँ ठीक?"

"तो क्या माँजी के सामने भी रोऊँ?"

मले सून आवडली.

"माहा बी तरास लिव," म्या म्हनलं.

"तुहा चालत नाई माय. तिथच्याच मान्साचा चालते."

"बरं झालं. कागद पुरला नसता."

लोनारच्या बसस्टँडवर बाया इचारतेत, "काय मावशी, पोराचं इमान पंचर झालं का?" मी हासून देतो, पिशवी उचलून चालू लागतो. मेहकरच्या एका दुकानदारानं कंप्युटरचं काम देतो म्हनलं. हा नाई म्हनला. काम धरलं अन् दुसऱ्या दिवशी माफी आली तं?

अवंदा पान्यापावसात भितीतून कपडेलत्ते खानारी उधई निंघाली. मातीची रेघ बॅगच्या चाकापोतर आलती. म्या झाडून काढली. मंग मांगच्या दारातून विटा आनल्या, बॅगच्या दोन्ही बाजूले एक एक. बॅग उचलनं झेपेना म्हनून त्याले हाक मारली.

तो आला. विटा पाहून उभाच राह्यला.

"माय, तुले बी वाटते का लय दिवस लागतीन?"

"मले काय समजते. उधईसाठी हाये."

त्यानं बॅग उचलली. म्या विटा सरकवल्या. बॅग ठेवून तो खाली वाकला, भितीकडं पाह्यलं, हात लावून ओल पाह्यली.

"एकानं नाई भागत," म्हने. "दोन दोन लावू."

अन् दुसऱ्या विटा आनाले तोच गेला.