हजेरीची वही

माझं अक्षर चांगलं, म्हणून बारामतीकडच्या एका पोलीस ठाण्यात मला रायटर नेमलं. आरोपीला खटल्याआधी कागदांच्या नकला फुकट द्यायच्या, असा नियम तेव्हा नुकताच आला होता. त्या नकला मीच करायचो. माझ्या टापटिपीचा मला भारी तोरा होता. आज तो आठवला की स्वतःचीच चीड येते.

इंदापूर तालुक्यातल्या एका माणसावर बारामतीच्या बाजारातून बैलजोडी पळवल्याचा आळ आला. ज्यांना सरकारने जन्मतःच गुन्हेगार ठरवलं होतं, अशा जमातीतला तो. तो कायदा केव्हाच रद्द झाला होता, पण त्याच्या गावच्या पाटलांनी जुनी रीत सोडली नव्हती. रोज दिवेलागणीला चावडीवर यायचं आणि वहीत अंगठा उठवायचा. आमच्या फौजदारांनाही ते सोयीचंच होतं.

चोरी दिवेलागणीलाच झाली होती. कोठडीतून तो मला म्हणाला, "रायटरसायेब, वही बगा की. त्या वक्ताला मी चावडीवर व्हतो. हितनं आठ कोस हाय आमचं गाव."

मी वही मागवली. त्या तारखेला त्याचा अंगठा होता. मी उत्साहाने ती फौजदारांपुढे ठेवली.

"अहो, डोकं ठिकाणावर आहे ना? हजेरी कायद्याने बंद झालीय. ही वही कोर्टात गेली तर पाटलांबरोबर आपलीही नोकरी जाईल."

वही माझ्या कपाटात गेली. बाकीच्या कागदांच्या नकला मी सुवाच्य अक्षरात करून त्याला दिल्या. त्याला वाचता येत नव्हतं. वहीही त्यात असणार असं समजून त्याने मला हात जोडले. तो नमस्कारही मी घेतला.

कोर्टात त्याने वहीचं सांगितलं. "अशी काही वही आहे?" मॅजिस्ट्रेटांनी विचारलं. फौजदारांनी माझ्याकडे पाहिलं.

"नाही साहेब," मी म्हणालो.

त्याला वर्षाची सजा झाली.

सुटल्यावर तो थेट ठाण्यात आला. शिव्या देईल म्हणून मी मान वर केली नाही. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"सायेब, पाटील आता अंगठा घेत न्हाईत. हजेरी कुटं द्यायची?"

"हजेरी बंद झालीय. आता कुठंच द्यायची नाही."

तो गोंधळला. "तवा वही गावली न्हाई. मग पुन्यांदा आळ आला, तर मी गावातच व्हतो हे कोन सांगंल?"

वही माझ्या पाठीमागच्या कपाटात होती आणि किल्ली माझ्या खिशात.