पुढची तारीख

"कशावरून?" असं विचारण्याआधी ती खांद्यावर आलेली वेणी मागे टाकायची. वेणी मागे गेली की समोरच्याने सावध व्हावं. गाडीत जागा नाही असं सांगणारा एस.टी.चा कंडक्टर, दुष्काळ म्हणजे मागच्या जन्मीच्या पापाचं फळ असं सांगणारे कीर्तनकारबुवा, मुलींचं डोकं भूमितीत चालत नाही असं मानणारे मास्तर, सगळ्यांना तिचा एकच प्रश्न असे. बहुतेक लोक चिडत. मी चिडत नसे. मी वकील होतो, आणि हा प्रश्न वकिलाने कोर्टात दुसऱ्याला विचारायचा असतो असं मला कॉलेजात शिकवलं होतं. मी तो अजून कुणाला विचारला नव्हता, ही गोष्ट वेगळी.

माझी ओळख इथेच करून दिलेली बरी. त्या काळातही ती मलाच करून द्यावी लागे. तालुक्याच्या गावात पिठाच्या गिरणीला लागून माझी खोली होती. दारावर मी रंगाऱ्याकडून एवढी मोठी पाटी करून घेतली होती की ती वाचून आत आलेला माणूस खोलीभर नजर फिरवून मलाच विचारी, "वकीलसाहेब कुठं बसत्यात?" कायद्याच्या पुस्तकांवर सतत पीठ बसे. ज्येष्ठ वकील म्हणत, याच्या युक्तिवादाला बाजरीचा वास येतो. खरं तर युक्तिवादाची वेळ माझ्यावर क्वचितच येई. मला एकच गोष्ट उत्तम जमत असे, पुढची तारीख मागणं. अशील आजारी, साक्षीदार परगावी, कागद सापडत नाहीत, मी स्वतः तयार नाही. कारण कुठलंही असो, "साहेब, पुढची तारीख मिळावी" हे वाक्य म्हणताना माझा आवाज जो भरदार लागे, तो एरवी लग्नातल्या मंगलाष्टकांनाही लागला नाही.

तिचे वडील माझे अशील होते. तुम्ही कोर्टाच्या आवारात कधी बसला असाल तर असा माणूस पाहिला असेल: धुतलेलं धोतर, बगलेत कागदांची पिशवी, आणि वकिलापेक्षा शिपायावर जास्त विश्वास. नगर जिल्ह्याच्या कर्जत तालुक्यातलं गाव, जमीन सगळी जिरायती. दावा होता भावकीतल्या विहिरीच्या पाण्याचा. पाण्याच्या पाळीत आपला हक्क आहे, असं यांचं म्हणणं. विरुद्ध बाजूला तिचा चुलता, म्हणजे वडिलांचा नात्याने चुलतभाऊ. तो म्हणे, हे आमचे भाऊबंदच नव्हेत. यांचा आजा आमच्या घरी सालगडी म्हणून आला आणि राहिला. म्हणजे सगळा दावा एकाच गोष्टीवर उभा होता, यांचं आणि त्यांचं रक्त एक की नाही. मौज अशी की दोन्ही बाजू तारखेला एकाच एस.टी.ने येत, एकाच लिंबाखाली बसत आणि एकाच चंचीतली तंबाखू मळत. त्या दुष्काळी साली तर विहिरीचा तळ उघडा पडला होता. पाणी काय ते दाव्यातच शिल्लक होतं.

वडिलांना वाचता येत नसे, म्हणून कागद वाचायला ती येऊ लागली. तेव्हा ती मॅट्रिकच्या वर्गात होती. हायस्कूल आणि कोर्ट यांच्यामध्ये एकच भिंत, तीही पडकी. मधल्या सुट्टीची घंटा झाली की ती भिंत ओलांडून कोर्टाच्या खिडकीत येऊन उभी राही. हातात रेशनवर मिळणाऱ्या मिलो ज्वारीची लाल भाकरी, तिच्यावर चटणी. आत साक्ष चाललेली असे आणि ही बाहेर एकेक घास चावत ऐके. एकदा न्यायाधीशसाहेबांनी शिपायाला सांगितलं, "त्या मुलीला आत येऊन बसायला सांग. उजेड अडतोय."

ती खिडकीतूनच म्हणाली, "आत भाकरी खाता येणार नाही, साहेब."

साहेबांना हसू आलं. तेवढ्या वेळात मी एक तारीख मागून घेतली.

त्या दिवशी शाळा सुटल्यावर ती माझ्या खोलीवर आली. "वकीलसाहेब, आज काय झालं आमच्या दाव्याचं?"

"तारीख मिळाली."

वेणी मागे गेली. "मागितली कुणी होती?"

"आपणच."

"मग मिळाली कसली? हॉटेलात चहा मागितला आन् चहा आला, त्यात वकिली काय?"

एरवी माझ्यासमोर ती शाळेतलं मराठी बोले. राग आला की गावचं 'आन्' बाहेर पडे.

पुढे ती माझी पुस्तकं वाचायला नेऊ लागली. मला वाटलं, आपला प्रभाव पडला. न राहवून मी एकदा विचारलंच, "वकील व्हावं असं तुला का वाटलं?"

"तुमच्याकडे बघून."

मी खुर्चीत ताठ बसलो. ती पुढे म्हणाली, "म्हटलं, एवढंच करायचं असेल तर मलाही जमेल."

हे तिने मला दुखवायला म्हटलं नव्हतं. हिशेबाची गोष्ट सांगावी तसं सांगितलं आणि पुस्तकावरचं पीठ फुंकून ती निघून गेली. तिला वेळ नसेच. पहाटे टँकरच्या रांगेत हंडे लावायचे, मग गावाहून चालत शाळेत यायचं, सुट्टीत कोर्ट, संध्याकाळी माझ्याकडे पुस्तक बदलायचं आणि दिवस मावळायच्या आत घरी. रविवारी आईबरोबर पाझर तलावाच्या दुष्काळी कामावर. तिथे एकदा मुकादम म्हणाला, "तुमच्या टोळीची माती कमी भरली."

"कशावरून?"

"मी सांगतो म्हणून."

"तुम्ही इथं साक्षीदार हाय का न्यायाधीश? एक काय ते ठरवा."

बायका पदर तोंडाला लावून हसल्या. मुकादमाने निमूटपणे टेप काढला आणि खड्डा पुन्हा मोजला. तेव्हापासून तलावावर तिचं नाव 'वकिलीणबाई' पडलं. गावात वकील म्हणून ओळखलं जायला मला याहून बराच काळ लागला.

त्याच हिवाळ्यात तिचे वडील खोलीवर आले. चेहरा कधी नव्हे इतका उजळलेला. "वकीलसाहेब, पोरीचं जमतंय. राहुरीकडचं स्थळ हाय. बारमाही पाट, घरामागं ऊस. पोरीला जन्मात डोक्यावर हंडा घ्यायला लागायचा न्हाई. पौष निघाला की बार उडवून देऊ."

"मॅट्रिकची परीक्षा?"

"पाव्हणे म्हनत्यात, शिक्षान पुरं झालं. हिशेबापुरतं येतंय की तिला."

ज्याने त्या साली कोरड्या विहिरीच्या काठावर उभं राहून खाली पाहिलं आहे, त्याला पाटाच्या पाण्याचं मोल काय, हे गिरणीशेजारी बसून मी काय सांगणार होतो?

दुसऱ्या दिवशी ती आली. पहिल्यांदाच वेणी पुढेच होती.

"कायद्यात माझ्यासाठी काही आहे का?"

मी पुस्तक काढलं. काढायची गरज नव्हती, पण पुस्तक उघडलं की वकिलाला धीर येतो. अठरा वर्षांची अट तेव्हा अजून यायची होती. "मुलीचं वय पंधरा पुरं असलं की लग्न कायदेशीर आहे. तुला सतरावं चालू आहे. कायदा तुझ्या बाजूने नाही."

गिरणीचा पट्टा फटफटत होता. मग तिने विचारलं, "कायदा बाजूने नसतो तेव्हा तुम्ही काय करता?"

"तारीख मागतो," मी म्हणालो.

ती माझ्याकडे पाहत राहिली. त्या नजरेत माझ्याविषयी आदर होता. तसा आदर मला आयुष्यात फार वेळा मिळाला नाही, म्हणून तो नीट आठवतो.

"कशी मागायची?"

मग मी तिला माझी सगळी विद्या शिकवली. शिकवून व्हायला दोन चहा पुरले. नाही म्हणायचं नाही, कधीच नाही. फक्त आज नको म्हणायचं. कारण असं द्यायचं की समोरच्याला ते स्वतःचंच वाटावं. आणि एक तारीख मिळाली की लगेच दुसरीचं कारण शोधायला लागायचं.

पहिली तारीख तिला सहज मिळाली. पाहुणे साखरपुड्याला येणार, तर त्या आठवड्यात टँकर आला नाही. ती वडिलांना म्हणाली, "अण्णा, पाटाच्या पाण्याची माणसं. त्यांना तांब्याभर पाणी मोजून द्यायचं का?" अण्णांना ते लागलं. साखरपुडा पुढे ढकलला. दुसरी तारीख मधल्या मामासाठी. तो साखर कारखान्यावर होता आणि त्याच्यावाचून सुपारी फुटणं बरं दिसलं नसतं. तिसऱ्या वेळी मात्र सगळे तयार होते, मामासुद्धा. माघातला मुहूर्त ठरला. ती येऊन म्हणाली, "आता कारण राहिलं नाही." मी बरंच डोकं खाजवलं. माझ्या साठ्यातलं प्रत्येक कारण कोर्टात चालणारं होतं, घरात चालणारं एकही नव्हतं.

आणि त्या पौषात विरुद्ध बाजूच्या चुलत्याची म्हातारी आई वारली. सगळ्या भावकीत ती थोरली. अण्णा तिला काकू म्हणत.

सुतक फिटल्यावर बापलेक दोघंही माझ्या खोलीवर आले. अण्णांना दाव्याचं विचारायचं होतं. तिला दुसरंच काही विचारायचं होतं, आणि तेही मला नाही, अण्णांना.

"अण्णा, आपल्यात थोरलं मानूस गेलं की वर्षभर भावकीत मांडव पडत न्हाई. व्हय का न्हाई?"

"व्हय. पर ते त्यांचं. आपलं त्यांचं बोलनं तरी हाय का?"

वेणी मागे गेली. "दाव्यात काय लिवून दिलंय तुमी? त्यांचं आपलं रक्त एक. ते म्हनत्यात एक न्हाई. उद्या आपन मांडव घातला तर त्यांचा वकील उठून म्हनंल, ही मानसं आमची असती तर वर्षाच्या आत वाजंत्री लावली असती का?"

अण्णा माझ्याकडे वळले. "खरं का, वकीलसाहेब?"

खरं की खोटं, मला ठाऊक नव्हतं. पण माझा तो भरदार आवाज आपोआप लागला. "दावा हातचा जाईल," मी म्हणालो.

अण्णा बराच वेळ चंची उघडत आणि मिटत राहिले. मग म्हणाले, "मातीला गेल्तो मी. काकूच्या पायावर डोकं ठिवलं. लोकांनी बघितलं. आता कोनत्या तोंडानं सांगू, ती माझी कुनी नव्हती म्हनून?" उठताना ते हळूच म्हणाले, "पर पाटाचं पानी गेलं, वकीलसाहेब."

ती खाली पाहत होती.

ते गेल्यावर मी घाईने साक्षीच्या कायद्याचं पुस्तक शोधू लागलो. आपण अशिलाला काय सांगून बसलो ते पाहायला हवं होतं. फळीवर त्या जागी फक्त पीठ होतं. पुस्तक पंधरवड्यापासून तिच्याकडेच होतं. तिने परत केलं तेव्हा वाचलं, तर नातं आहे की नाही हे माणसांच्या वागण्यावरूनही ठरवता येतं असं कलम त्यात खरोखरच होतं. माझ्या वकिलीतला पहिला बिनतोड मुद्दा मी असा नकळत मांडला.

"काकूचं वाईट नाही वाटलं तुला?" मी तिला विचारलं.

"लई वाटलं. भांडण असून चोरून गूळ-शेंगा द्यायची मला." ती थोडं थांबली. "जातानाही द्यायचं ते देऊन गेली."

राहुरीच्या पाहुण्यांनी वर्षभर वाट पाहिली नाही. कोण पाहणार? ती मॅट्रिक झाली, नगरला कॉलेजात गेली, पुढे कायदा शिकली. खिडकी रिकामी झाली. आत उजेड भरपूर येऊ लागला. मला त्याचा काही उपयोग झाला नाही.

बऱ्याच वर्षांनी एका दुपारी ती काळा कोट घालून खोलीवर आली. गिरणी होती, पाटी होती, मी होतो. तिने वकीलपत्र पुढे केलं. वडिलांचा दावा आता तिला चालवायचा होता आणि त्यासाठी जुन्या वकिलाची सही लागत होती. होय, दावा अजून चालू होता. नुसता चालू नव्हता, चांगला टवटवीत होता.

"तुझ्यासाठीच राखून ठेवला होता," मी म्हणालो.

"कशावरून?" तिने विचारलं, आणि आम्ही दोघंही हसलो. मी 'हरकत नाही' असं लिहून सही केली. तिने वाकून नमस्कार केला. कोटाच्या खांद्यावर थोडं पीठ लागलं, ते मी सांगितलं नाही.

तारखेच्या दिवशी मी कोर्टात गेलो, पण दावा आता माझा नव्हता. वकिलांच्या बाकावर बसायला संकोच वाटला. म्हणून वळसा घालून खिडकीशी गेलो. आत बाकावर अण्णा आणि चुलते शेजारी शेजारी बसले होते. दोघंही थकले होते. दोघांच्या मध्ये चंची होती. विरुद्ध बाजूचे वकील उठले आणि अगदी माझ्या आवाजात म्हणाले, "साहेब, पुढची तारीख मिळावी."

तिने मान मागे झटकली. वेणी आता नव्हती, अंबाडा होता, पण मान झटकलीच. मी बाहेर सावध झालो.

"माझी हरकत आहे," ती म्हणाली. "आम्ही आज तयार आहोत."

अण्णा दचकून चुलत्यांकडे पाहू लागले. तयार असण्याची कुणालाच सवय नव्हती. नीट ऐकू यावं म्हणून मी गजांना धरून आणखी पुढे वाकलो, तेवढ्यात आतून शिपाई खिडकीपाशी आला.

"वकीलसाहेब," तो हळूच म्हणाला, "जरा बाजूला व्हा. उजेड अडतोय."